खुर्ची, जिना, झाड आणि आई : चौकटीच्या सरावाच्या नोंदी

४ जानेवारी

गेल्या दोन वर्षांत काढलेले फोटो आज सलग पाहिले. चार हजारांच्या वर निघाले. जवळजवळ प्रत्येक फोटोत जे दाखवायचं होतं ते बरोबर मध्यभागी आहे, आणि त्याच्या आजूबाजूला जे आलंय ते मी आणलेलं नाही, आपोआप आलंय. फोकस नीट आहे, उजेडही नीट आहे. तरी एकदा पाहिलेला फोटो पुन्हा पाहावासा वाटत नाही. आईचे शंभरेक फोटो आहेत. मला ती रोज जशी दिसते तशी त्यांतल्या एकातही आलेली नाही. हे फार लागलं.

म्हणून दोन महिने फक्त रचना शिकायची. नवा कॅमेरा नाही, नवी लेन्स नाही. विषय चारच घेतले: खिडकीजवळची लाकडी खुर्ची, इमारतीचा जिना, मागच्या मोकळ्या जागेतलं एकटं झाड, आणि अगदी शेवटी आई. लेन्स ३५ मिमीची एकच, झूम नसलेली. कॅमेऱ्याचा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) लहान असल्यामुळे ती साधारण ५२ मिमीसारखी दिसते. जवळ-लांब करायचं तर स्वतःच्या पायांनी. फेब्रुवारीअखेरपर्यंत क्रॉप, म्हणजे काढलेला फोटो कडेने कापणं, बंद. रोज कितीही काढले तरी तीनच ठेवायचे, आणि का ठेवले ते इथे लिहायचं.

५ जानेवारी

सुरुवात रूल ऑफ थर्ड्सने. चौकटीचे आडवे तीन, उभे तीन भाग करायचे आणि विषय रेषांवर किंवा त्या जिथे छेदतात तिथे ठेवायचा. कॅमेऱ्यात ग्रिड चालू केली आणि झाड आळीपाळीने नऊही घरांत ठेवून पाहिलं.

झाड वाऱ्यामुळे उजवीकडे झुकलेलं आहे. डावीकडच्या रेषेवर ठेवलं की ते चौकटीत झुकतं, पुढे मोकळी जागा उरते आणि डोळा तिथे विसावतो. उजवीकडच्या रेषेवर ठेवलं की ते चौकटीबाहेर पडायला निघाल्यासारखं दिसतं. अंतर तेच, झाडही तेच, दोन्ही वेळा नियम तंतोतंत पाळलेला. तरी एक फोटो शांत आणि दुसरा अस्वस्थ. याचा अर्थ चार छेदबिंदू सारखे नाहीत. कुठला घ्यायचा हे झाडाच्या झुकण्यावरून ठरतं. ग्रिडवर ते लिहिलेलं नसतं.

८ जानेवारी

या नियमाचं मूळ शोधलं आणि तिथे जे सापडलं त्याने माझी समजूतच बदलली. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये ग्रामीण दृश्यांविषयी लिहिताना हे नाव वापरलं. तो छेदबिंदूंविषयी बोलत नव्हता. त्याचं म्हणणं जागेच्या वाटपाविषयी होतं: जमीन आणि आकाश, उजेड आणि सावली यांना निम्मं-निम्मं देऊ नये, एकाला दोन वाटे द्यावेत, दुसऱ्याला एक. म्हणजे दोघांपैकी मोठं कोण हे आधी ठरवावं.

लगेच झाडाकडे गेले. आकाश कोरं होतं, एकही ढग नाही. सवयीने क्षितिज खालच्या रेषेवर आणलं तर दोन तृतीयांश फोटो नुसता पांढरट निळा. मोठा वाटा कुणाला, असं मनाशी विचारलं. आकाशाकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. जमिनीवर मात्र वाळकं गवत होतं, त्यातून गेलेली पायवाट होती, झाडाची लांब सावली होती. क्षितिज वरच्या रेषेवर नेलं. आज ठेवलेले तीनही फोटो असेच आहेत.

क्षितिज तिरकं होण्याबद्दल: ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत फक्त १ अंशाचा कल असला तरी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारे १०५ पिक्सेलचा फरक पडतो. डोळ्याला तो लगेच खुपतो. काढतानाच सरळ धरायची सवय लावून घेते आहे, कारण नंतर फिरवून सरळ केलं की चारही कोपरे थोडे थोडे कापले जातात.

१२ जानेवारी

खुर्ची. सकाळचा उजेड डावीकडून, भिंत साधी, सगळं मनासारखं. छत्तीस फोटो काढले. संगणकावर पाहिले तर छत्तीसच्या छत्तीस फोटोंत उजव्या कडेला निळ्या बादलीची अर्धी कडी. काढताना ती मला दिसलीच नव्हती.

कारण समजलं तेव्हा जरा बरं वाटलं. या कॅमेऱ्याचा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) चौकटीचा सुमारे ९५ टक्के भागच दाखवतो. कडेची एक बारीक पट्टी न दिसताच फोटोत येते. मागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यूमध्ये पूर्ण चौकट दिसते. पण सगळा दोष व्ह्यूफाइंडरवर टाकून चालणार नाही. छत्तीस वेळा बटण दाबताना मी एकदाही कडेकडे पाहिलं नव्हतं. नजर खुर्चीवरच खिळलेली.

उद्यापासून बटण दाबण्याआधी नजर चारही कडांवरून फिरवायची: वरची, उजवी, खालची, डावी. कोपऱ्यात काही अर्धवट कापलं जातंय का? कडेला काही नुसतं टेकलंय का? एखादी वस्तू एकतर पूर्ण आत असावी किंवा ठामपणे कापलेली असावी. खुर्चीचा पाय कडेला जेमतेम शिवत असला की फोटो गुदमरतो.

१३ जानेवारी

कडा पाहण्यात वेळ जातो. एका फोटोला अर्धं मिनिट. आज नऊच काढले, पण त्यांतले पाच ठेवावेसे वाटले.

१७ जानेवारी

आजचा प्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते.

खुर्ची उचलून मागच्या मोकळ्या जागेत नेली आणि झाडाच्या बरोबर १० मीटर पुढे ठेवली. खुर्ची साधारण १ मीटर उंच, झाड साधारण ६ मीटर. चौकट उभी. पहिला फोटो खुर्चीपासून २ मीटरवरून. झाड माझ्यापासून १२ मीटरवर. फोटोत खुर्ची आणि झाड एकाच उंचीचे आले, शेजारी उभे असावेत तसे. मग मागे सरकत खुर्चीपासून १० मीटरवर गेले, म्हणजे झाड २० मीटरवर. आता झाड खुर्चीच्या तिप्पट उंच! खुर्ची एकदम लहान, एकटी, मोठ्या झाडाच्या पुढ्यात कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी.

वस्तू त्याच, लेन्स तीच, त्या दोघींमधलं अंतरही तेच. बदललं फक्त मी कुठे उभी आहे ते. गणित साधं आहे: वस्तू जितक्या पट लांब तितक्या पट लहान दिसते. मी २ वरून १० मीटरवर गेले तेव्हा खुर्ची पाच पट लांब गेली, झाड मात्र १२ वरून २० वर, म्हणजे दुपटीहूनही कमी. त्यामुळे खुर्ची झपाट्याने लहान झाली आणि झाड त्या मानाने कमी लहान झालं.

दुसरा फोटो घरी आणून इतका मोठा करून पाहिला की खुर्ची पहिल्या फोटोएवढी झाली. (हा क्रॉप नियमात बसत नाही, फक्त तपासण्यापुरता केला.) झाड तिप्पटच राहिलं. झूमने नेमकं एवढंच होतं. दोन वस्तूंमधलं नातं झूमने बदलत नाही, ते बदलायचं तर जागा सोडावी लागते. दोन वर्षं एका जागी उभी राहून झूमची रिंग फिरवत होते आणि सगळे फोटो एकसारखे का येतात याचा विचार करत होते. आज उत्तर मिळालं.

ग्रिड कुठे ठेवायची याच्या आधी पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न येतो. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

२१ जानेवारी

जिना. लीडिंग लाइन्सचा, म्हणजे नजरेला वाट दाखवणाऱ्या रेषांचा धडा. कठडा खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून वर उजवीकडे वळतो. पायऱ्यांच्या कडाही तिकडेच जातात. वरच्या वळणावर शेजारची मुलगी उभी होती. रेषा थेट तिच्यापर्यंत नेतात, म्हणजे पाहणाऱ्याची नजरही तिच्यावर जाणार, असा माझा समज.

प्रिंट काढून घरातल्या आणि शेजारच्या चौघांना दाखवली आणि म्हटलं, पहिल्यांदा जिथे नजर गेली तिथे बोट ठेवा. चौघांपैकी तिघांनी भिंतीवरच्या दिव्यावर बोट ठेवलं. ती मुलगी स्वतः म्हणाली, "मावशी, मला तर आधी तो दिवाच दिसला. मग मी दिसले."

याचा शोध घेतला. आपला डोळा रेषेवरून घसरत जात नाही, उड्या मारतो. अगदी स्पष्ट दिसणारा भाग फार छोटा असतो: हात लांब करून अंगठा उभा धरला तर साधारण त्याच्या रुंदीएवढा. बाकीचं धूसर दिसतं आणि त्या धूसर भागात जे उठून दिसेल तिकडे पुढची उडी पडते. आल्फ्रेड यार्बस या रशियन शास्त्रज्ञाने डोळ्यांच्या या हालचाली नोंदवल्या. एकच चित्र, एकच पाहणारा, पण प्रश्न बदलला की नजरेच्या फिरण्याचा माग बदलतो, हे त्याने दाखवलं. माणसांच्या चेहऱ्यांवर मात्र नजर पुन्हा पुन्हा येते.

म्हणजे रेषा निरुपयोगी? तसं मला वाटत नाही. दिवा बंद करून तोच फोटो पुन्हा काढला. आता चौघांनीही आधी मुलीवर बोट ठेवलं, आणि फोटोत काय आहे असं विचारल्यावर दोघांनी "ती वर चाललीये" असं सांगितलं. ती तर नुसती उभी होती! चढण्याची भावना कठड्याने दिली. रेषा पाहणाऱ्याला हाताला धरून नेत नाही. फोटोला दिशा देते. आणि उजेड-अंधाराचा फरक जिथे सर्वांत जास्त, तिथे नजर आधी जाते. पुढच्या वेळी रेषेआधी उजेड तपासायचा.

२४ जानेवारी

दिवसभर मळभ. एकही ठेवण्यासारखा नाही. झाड, आकाश, गवत, सगळं एकाच राखाडी रंगाचं.

२८ जानेवारी

ठरल्याआधीच आईचा एक फोटो काढला, राहवलं नाही. ती खोलीत उभी होती, तोंडावर छान उजेड. फोटो तिला दाखवला तर म्हणाली, "अगं, माझ्या डोक्यातून ही दांडी काय उगवलीये?" मागच्या पडद्याची दांडी. बरोबर डोक्याच्या मधोमध.

तिथे उभी असताना मला दांडी का खटकली नाही? आपल्याला दोन डोळे आहेत. दोघांना थोडं वेगळं दृश्य दिसतं आणि त्यावरून मेंदू आई पुढे, दांडी मागे असं वेगळं करून टाकतो. कॅमेऱ्याला डोळा एकच. त्याच्यापुढे दोन्ही एकाच सपाट कागदावर, एकमेकांना चिकटलेले.

उपाय इतका सोपा निघाला की कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवा होता: बटण दाबण्याआधी एक डोळा मिटायचा. खोली सपाट होते आणि काय कशाला चिकटलंय ते लगेच दिसतं. मग अर्धं पाऊल डावीकडे किंवा गुडघे थोडे वाकवून खाली, एवढ्याने दांडी डोक्यापासून सुटते. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) मोठं करून मागचं धूसर केलं तर चालेल का, तेही पाहिलं. दांडी धूसर झाली, पण डोक्यातून उगवलेली ती उगवलेलीच राहिली. आकार धूसर झाला म्हणून नाहीसा होत नाही.

दुसरी युक्ती डोळे किलकिले करून पाहायची. बारकावे जातात आणि उरतात फक्त काळे-पांढरे गठ्ठे. विषयाचा गठ्ठा मागच्या गठ्ठ्यापासून वेगळा दिसतोय का? २४ तारखेचं झाड दिसत नव्हतं ते यामुळे. डेन्मार्कच्या एडगर रुबिनने १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फुलदाणी आणि समोरासमोरच्या दोन चेहऱ्यांची ती आकृती होती. एका क्षणी फुलदाणी दिसते, दुसऱ्या क्षणी चेहरे, पण दोन्ही एकदम दिसत नाहीत. पुढे काय आणि मागे काय हे मेंदू ठरवत असतो, आणि फोटो काढणाऱ्याने त्याला मदत करायची असते. आईच्या मागे काळपट लाकडी कपाट येईल अशी उभी राहिले तेव्हा तिचे पांढरे केस पहिल्यांदा नीट दिसले.

२ फेब्रुवारी

चौकटीच्या आकाराचा दिवस. खुर्चीचा उभा फोटो मला नेहमी अवघडलेला वाटतो: वर नाहीतर खाली नको ती जागा उरते. आज तीच जागा, तोच उजेड, आधी कॅमेरा आणि मग फोन. फोनच्या ४:३ चौकटीत खुर्ची छान बसली. कॅमेऱ्याची ३:२ उभी धरली की खूपच लांबोडी होते.

ही ३:२ आली कुठून? ऑस्कर बार्नाक या जर्मन अभियंत्याने सिनेमाची ३५ मिमी फिल्म साध्या छायाचित्रांच्या छोट्या कॅमेऱ्यात वापरली. सिनेमाची चौकट १८ बाय २४ मिमी होती. त्याने फिल्म आडवी चालवून चौकट दुप्पट केली, २४ बाय ३६. तो कॅमेरा, म्हणजे लायका, १९२५ मध्ये बाजारात आला आणि हे प्रमाण इतकं रुजलं की आजचे बरेच डिजिटल सेन्सरही त्याच प्रमाणाचे असतात. सौंदर्याचा कुठलाही नियम त्यामागे नाही, हातात असलेल्या फिल्मची रुंदी आहे. हे वाचून मला मोकळं वाटलं. चौकट मला बसत नसेल तर ती बदलण्यात गैर काहीच नाही.

७ फेब्रुवारी

जिन्याच्या तळाशी उभी राहून सरळ वर पाहिलं. चौकोनात चौकोन, त्यात आणखी एक चौकोन, आणि शेवटी वरचा उजेडाचा तुकडा. इथे थर्ड्स वापरून पाहिलं आणि फोटो मोडला. ही जागा मध्यच मागते.

पण मध्य म्हणजे अंदाजे मध्य चालत नाही. तीन-चार सेंटिमीटर इकडे-तिकडे झालं तरी एका बाजूचे कठडे जाड दिसतात, आणि मग पाहणाऱ्याला वाटतं की साधायचं होतं, साधलं नाही. शेवटी दोन कोपऱ्यांमधून दोरी ताणून जमिनीवर मध्य काढला, तिथे खडूची खूण केली आणि कॅमेरा त्या खुणेवर पाठीवर ठेवून टायमर लावला. पहिल्याच फोटोत जमलं. आतापर्यंतचा माझा सर्वांत आवडता फोटो कदाचित हाच.

११ फेब्रुवारी

कोरी जागा. खुर्चीवर बसून आई डावीकडे खिडकीबाहेर पाहत होती. एका फोटोत तिला उजवीकडे ठेवलं, तिच्या नजरेपुढे मोकळी भिंत. दुसऱ्यात डावीकडे, अगदी कडेजवळ. मोकळी भिंत तिच्या पाठीमागे. नियम पहिल्याचा: ज्या दिशेला पाहतो तिकडे जागा सोडा. पहिला फोटो आरामशीर आहे.

दुसरा बाबांना दाखवला. बराच वेळ बघत राहिले. "बाबा, तुम्हाला हा कसा वाटतो?" "ही निघून चालल्यासारखी वाटते गं," म्हणाले आणि प्रिंट उलटी करून ठेवली. मी घाबरलेच. सात-आठ इंचांच्या कागदावर आई थोडी डावीकडे सरकली, तेवढ्याने बाबांना काहीतरी टोचलं. मागची मोकळी जागा आता त्या माणसाच्या पाठीमागे राहिलेलं काहीतरी होऊन बसते. नियम मोडू नये असं नाही, पण मोडला तर तो काय बोलतो ते माहीत असायला हवं. मला माहीत नव्हतं.

१४ फेब्रुवारी

विषम संख्येचा नियम: तीन वस्तू चारपेक्षा बऱ्या. कुंड्या मांडून पाहिलं. तीन असोत वा चार, फरक पडतो तो मधल्या अंतराने. चार कुंड्यांपैकी तीन जवळ आणि एक लांब ठेवली की फोटो लगेच जिवंत होतो. समान अंतरावर ठेवलेल्या तीनही ठोकळ्यांसारख्या दिसतात. या नियमावर आणखी वेळ घालवणार नाही.

१८ फेब्रुवारी

फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिये-ब्रेसाँने १९३२ मध्ये पॅरिसच्या सँ-लाझार रेल्वे स्टेशनच्या मागे काढलेला तो प्रसिद्ध फोटो आज तासभर पाहिला. साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, पाण्यात त्याचं प्रतिबिंब, मागच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये तशीच झेप घेतलेली आकृती. हे सगळं मी आधी पाहिलं होतं. आज नजर खिळली ती टाच आणि पाणी यांच्यामधल्या फटीवर. फट इतकी बारीक की एका क्षणानंतर ती असणारच नाही. टाच टेकलेली असती तर तो पाण्यातून चालणारा माणूस झाला असता, आणि मग पाहायला कुणी थांबलं नसतं. क्रॉप न करण्याबद्दल ज्याचं नाव घेतात त्यानेच हा फोटो कापलेला आहे. कुंपणाच्या फळ्यांमधून काढल्यामुळे कडेला फळी आली होती.

दुपारी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून उड्या मारणारी मुलं. आधी चौकट ठरवली: मागची भिंत साफ, मुलाच्या उडीसाठी डावीकडे जागा, कडा तपासलेल्या, एक डोळा मिटून पाहिलेलं. मग हललेच नाही. मुलं येत राहिली, मी बटण दाबत राहिले. सत्तर फोटोंत एकच असा की पाय जमिनीच्या वर आहे आणि खालची सावली त्याला अजून भेटलेली नाही. पूर्वी मी मुलांच्या मागे कॅमेरा घेऊन धावायचे. चौकट आधी, माणूस नंतर, हे मला फार मानवलं.

२२ फेब्रुवारी

सुवर्ण गुणोत्तर, म्हणजे १.६१८: सुंदर रचनेसाठी सांगितलं जाणारं आणखी एक प्रमाण. त्यानुसार रेषा रुंदीच्या ०.३८२ वर येते, थर्ड्सची ०.३३३ वर. ६००० पिक्सेलच्या फोटोत एक २२९२ वर, दुसरी २००० वर. फरक रुंदीच्या जेमतेम ५ टक्के. झाड दोन्ही ठिकाणी ठेवून प्रिंट काढल्या, मागे खूण करून मिसळल्या. कुठली कुठली ते मला ओळखता आलं नाही. घरातही कुणाला नाही. फोटोंवर सोनेरी शंखाची वळणं काढून दाखवतात तसं माझ्या जुन्या, फसलेल्या फोटोंवर करून पाहिलं, तेही बसले. शंख फिरवता, उलटवता येत असेल तर तो कशावरही बसतो. हा विषय माझ्यापुरता संपला.

२७ फेब्रुवारी

क्रॉपची बंदी उठली. जाड पुठ्ठ्याचे इंग्रजी एल आकाराचे दोन तुकडे कापले आणि सगळ्या प्रिंट्सवर सरकवत बसले. पडद्यावर करण्यापेक्षा हे फार बरं. हात थांबतो तिथे नजरही थांबते.

ज्या फोटोंना कापावंसं वाटलं त्यांची कात्री कुठे चालली ते वहीत टिपलं. एकतीसपैकी बावीस वेळा उजव्या बाजूला! मी सतत उजवीकडे जादा जागा सोडते. उजवा डोळा व्ह्यूफाइंडरला, आणि हात कदाचित थोडे उजवीकडे झुकतात. कारण काहीही असो, सवय कळली. ती मला कुठल्याच नियमाच्या यादीत सापडली नसती.

क्रॉपला किंमत आहे, हेही मोजलं. ६००० बाय ४००० चा फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा केला तर २४ मेगापिक्सेलचे ६ उरतात. ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) १० इंच रुंद प्रिंट अजून निघते. तेवढं मला पुरतं. पण उभं राहण्याची जागा चुकली असेल तर क्रॉप ती दुरुस्त करत नाही. खुर्ची आणि झाड यांनी ते आधीच शिकवलंय.

४ मार्च

आई.

खुर्ची खिडकीजवळ, पण मागे भिंतीऐवजी काळपट कपाट येईल अशी फिरवून. उजेड डावीकडून. जवळ जाण्याचा मोह आवरला. फार जवळून गुडघ्यावरचे हात मोठे होतात आणि चेहरा मागे पडतो. २ मीटरवर थांबले, आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर येईल अशी गुडघ्यांवर बसले. एक डोळा मिटून पाहिलं. कपाटाची कडा तिच्या कानाला शिवत होती, म्हणून हातभर उजवीकडे सरकले. कडा तपासल्या. उजवीकडे नेहमीसारखी जादा जागा आली होती, ती कमी केली. मोठा वाटा अंधाराला, लहान उजेडाला. मग थांबले.

"झालं का गं?" "नाही, तू तुझं काम कर." ती सुईत दोरा ओवायला लागली. वीसेक मिनिटं गेली असतील. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली आणला, दोऱ्याचं टोक ओलं केलं, सुई उजेडाकडे धरली. मी पंधरा-सोळा फोटो काढले. हवा होता तो अकरावा. सुई आणि दोरा काळ्या कपाटावर दोन पांढऱ्या रेघांसारखे उमटलेत, दोन्ही हात एकमेकांकडे निघालेत, आणि तिच्या ओठांची ती घडी, जी ती मन लावून काही करत असली की पडते. लहानपणापासून पाहत आलेली.

प्रिंट संध्याकाळी तिला दिली. तिने ती खिडकीपाशी नेली, डोळ्यांजवळ धरली. स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नखाने सुई आणि दोऱ्याच्या मधली फट दाखवली.

"इथे अजून ओवला नव्हता," म्हणाली.